अनंतकाकांचा स्पेनमधला गुरुवार

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नल्लकुंटा येथील रहिवासी श्री. अनंतराव मुधोळकर यांचा सपत्नीक स्पेन दौरा चौथ्यांदा तहकूब करण्यात आला असून पुढील तारीख यथावकाश जाहीर होईल. संबंधितांनी याची नोंद घ्यावी व जिन्यात अडवून चौकशी करू नये.

हे निवेदन माझं नाही. खुद्द अनंतकाकांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून, सही करून, आमच्या इमारतीत लिफ्टच्या दाराशेजारी चिकटवलं होतं. इमारतीत सगळी मिळून सहा बिऱ्हाडं. त्यातल्या चौघांना मराठीचा गंध नाही, म्हणून खाली तेलुगू तर्जुमाही जोडला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्या तेलुगूत एक चूक काढली. काकांनी ती हिरव्या शाईने दुरुस्त केली, दुरुस्तीशेजारी आद्याक्षरं टाकली, आणि मग तो कागद महिनाभर तिथे होता. दूधवालाही येता-जाता तो वाचायचा.

अनंतकाका वारले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मी राहते आणि माझ्या घरी प्रिंटर आहे, एवढ्या दोन कारणांनी मी त्यांच्या स्पेनमध्ये ओढली गेले. तिसरं कारण असं, की मला तमाशा बघायला आवडतो, आणि फुकटात पहिल्या रांगेची खुर्ची मिळत असेल तर मी कधी नाही म्हटलेलं नाही.

काका उंच, सडपातळ, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातले. पाण्याशी संबंधित एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि सुपरिंटेंडेंट होऊन बाहेर पडले. नोकरीत हिरव्या शाईचा मान फक्त वरच्या साहेबांना होता. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी काकांनी जाऊन हिरवं पेन आणलं आणि त्यानंतर घरात आलेला एकही कागद त्यांच्या शेऱ्यावाचून राहिला नाही. लग्नपत्रिकेवर 'पाहिली, हजर राहावे'. विजेच्या बिलावर 'मागील महिन्याशी ताडून पाहावे'. विमलकाकू बेगम बाजारातून आणायच्या सामानाची यादी लिहायच्या, ती पिशवीत जाण्याआधी काकांच्या टेबलावरून जायची. एकदा मी त्या यादीत डोकावले. 'हळद' या शब्दासमोर हिरव्या शाईत होतं: 'गेल्याच महिन्यात आणली होती. खुलासा व्हावा.' त्याखाली काकूंचं अक्षर: 'संपली.' त्याखाली पुन्हा हिरवं: 'मान्य.'

काकू परभणीच्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी त्यांच्या मराठीतली मराठवाड्याची धार इथल्या दख्खनीने बोथट न होता उलट पाजळली होती. घरात पंखा घ्यायचा तरी काका आधी टाचण तयार करायचे. काकू मला म्हणायच्या, "हौ गं, तीन उन्हाळे त्या पंख्याची फाइल फिरली. फाइल फिरली, पंखा नाही फिरला."

तर असा माणूस स्पेनला का निघाला, ते सांगते. त्यासाठी एका तळ्याची गोष्ट सांगावी लागेल.

काका नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर एक फाइल आली. आडगावातलं एक तळं, त्या तळ्याला पाणी सोडायचं एक दार, त्याला तिकडे तूम म्हणतात, आणि त्या तूमवरून दोन गावांचं भांडण. वरचं गाव म्हणे सोमवारची पाळी आमची. खालचं गाव म्हणे सोमवार आमच्या आज्यापासून आमचा. काकांनी टिपण लिहिलं, फाइल वर गेली, शंका काढून खाली आली. काकांनी शंकेचं निरसन लिहिलं, फाइल पुन्हा वर गेली. चौतीस वर्षांनी काकांच्या गळ्यात निरोपाचा हार पडला तेव्हा ती फाइल टेबलावरच होती, फक्त तिचे तीन खंड झाले होते. मूळ तक्रारदार दोघंही तोवर वारले होते.

"मंजू, त्यात माझी एक ओळ चुकीची दाखव," काका मला म्हणायचे. "एक ओळ. सगळं नियमाला धरून लिहिलं. आणि पाणी काही कुणाला मिळालं नाही."

हे सांगताना ते हसत नसत. एरवी मी त्यांच्या कुठल्याही वाक्यावर टपून बसलेली असायचे, पण इथे मी उठून चहा टाकायचे.

मग एका रविवारी ते वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन माझ्या दारात आले. चप्पल पायात नव्हती. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया नावाचं शहर आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दारासमोर आठ शेतकरी खुर्च्या मांडून बसतात. अंगात काळे डगले. एकेका कालव्याच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला एकेक माणूस. पाण्याची तक्रार असेल त्याने समोर यावं, तोंडाने सांगावं. दुसऱ्याने तोंडाने उत्तर द्यावं. आठ जण आपसांत बोलतात आणि उभ्या उभ्या निकाल देतात. वकील नाही, अपील नाही. शेकडो वर्षं हे असंच चाललं आहे.

"कागद नाही," काका म्हणाले. मग कात्रण खाली धरून पुन्हा म्हणाले, "कागदच नाही गं."

मागून काकू आल्या होत्या. त्यांनी कात्रण वाचलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही कायकू जाता तिथं? तुम्हाला बघून त्यांना कागद आठवंल."

"विमल, मला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे," काका म्हणाले. "पाण्याचं भांडण आलं, ऐकलं, संपलं. एकदा. मग माझं काही म्हणणं नाही."

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली गेली. विषय: स्पॅनिश संस्कृतीचा प्रत्यक्ष अनुभव घेणेबाबत. केवळ पाण्याच्या कोर्टासाठी एवढ्या लांब जाणं त्यांना उधळपट्टी वाटत होतं, म्हणून संस्कृतीची परिशिष्टं जोडण्यात आली. परिशिष्ट अ, नृत्य. परिशिष्ट ब, आहार. परिशिष्ट क, दुपारची झोप. आणि प्रत्यक्ष जाण्यापूर्वी प्रत्येक परिशिष्टाची घरी तालीम व्हावी असा शेरा पडला. परिशिष्ट क लागू झाल्याचं काकांनी जाहीर केलं, दोन ते पाच. काकू म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून तुम्ही दुसरं काय करता?" परिशिष्ट ब साठी मी मोबाइलवर त्यांच्या भाताचं चित्र दाखवलं. पिवळाजर्द भात, मटार, ढोबळी मिरची, पसरट कढई. काकूंनी चष्मा वर सरकवला. "ही तर तहारी. आपली बुधवारची तहारी. एवढ्यासाठी इमानात बसायचं?" काकांनी हिरव्या शाईत नोंदवलं: 'आहाराबाबत अडचण दिसत नाही.' परिशिष्ट अ ची तालीम झाली नाही. काकूंनी नकार कळवला होता.

या सगळ्यात एक वर्ष गेलं आणि फाइल अपूर्ण म्हणून दौरा पहिल्यांदा तहकूब झाला.

दुसऱ्या वर्षी मी काकांना चिक्कडपल्लीतल्या एका छोट्या टूर कंपनीत नेलं. तिथे लावण्या नावाची मुलगी बसायची, हसरी, डोळ्यांत झोप. तिने रंगीत कागद पुढे सरकवला. काकांनी तो पूर्ण वाचला, मागची बारीक अक्षरंही, आणि बोट ठेवलं.

"अम्मा, व्हॅलेन्सिया मंगळवार को क्यों है?"

"ट्यूजडे व्हॅलेन्सिया, अंकल. लंच, फोटो, फार्टी मिनट्स. थर्सडे माड्रिड, शॉपिंग."

"बस दो दिन आगे-पीछे नहीं होती?"

"बस में फार्टी टू लोगां हैं, अंकल."

"तो उनको पूछ लेते."

लावण्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण कंपनीने प्रवाशांचा ओळख-मेळावा ठेवला, चहा-समोशासकट, आणि तिथे काका उभे राहिले. त्यांनी दौऱ्याचा क्रम बदलण्याचा ठराव मांडला. तळ्याची गोष्ट सांगितली, तीही थोडक्यात नाही, पहिल्या खंडापासून. लोकांचे समोसे निवले. एका गृहस्थाने विचारलं की त्या कोर्टाला आत जायचं तिकीट आहे का. नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. शेवटी काकांनी हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूने एक हात. विरुद्ध बाकी सगळे. तटस्थ एक.

तटस्थ काकू होत्या. परत येताना ऑटोत काका रस्त्याकडे तोंड करून बसले. काकूच म्हणाल्या, "आता तोंड नका पाडू. मलाबी त्या दुकानात जायचं होतं, तरी मी हात वर केला का?"

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचा गुरुवार जुळला. आम्ही तिघांनी जिलेबी खाल्ली. आठ दिवसांनी काकांनीच शोधून काढलं की तो गुरुवार तिथल्या सणाचा आहे आणि त्या दिवशी कोर्ट बसत नाही. ही बातमी द्यायला ते आले तेव्हा मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "बरं झालं, वेळेत लक्षात आलं." आणि दारातच उभे राहिले. नंतर कितीतरी वेळ त्यांच्या घरातून हिरव्या पेनाचं टोपण लावल्या-काढल्याचा आवाज येत होता. आमच्या भिंती पातळ आहेत.

या काळात काका थकत चालले होते. लिफ्ट बंद असली की जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबून भिंतीवरच्या जुन्या सूचना वाचायचे, म्हणजे दम लागला असं दिसू नये. मी त्यांना हसवायचा खूप प्रयत्न करायचे. ते कर्तव्य म्हणून हसायचे.

चौथ्यांदा ठरलं की कंपनी नको, आपलं आपण जायचं. आता आलं व्हिसाचं प्रकरण, आणि इथे मीही आरोपी आहे. अर्जासोबत प्रवासाचं कारण सांगणारं एक पत्र द्यायचं होतं. लोक अर्ध्या पानात लिहितात. काकांनी चार पानं लिहिली, परिच्छेदांना क्रमांक घालून. परिच्छेद अकरा असा होता: 'सदर दौऱ्याची मुदत बारा दिवसांची आहे. तथापि त्या अवधीत अर्जदाराचे काम पूर्ण न झाल्यास ती मुदत आवश्यकतेनुसार वाढवून घेण्याचा हक्क अर्जदार राखून ठेवीत आहे.'

"काका, ही ओळ काढू या," मी म्हटलं.

"का?"

"त्यांना वाटेल तुम्ही परत येणार नाही."

"अगं, हक्क राखून ठेवला म्हणजे वापरावाच लागतो असं नाही. पण न राखता मागाहून मागितला की ऑब्जेक्शन येतं. चौतीस वर्षांत माझा एक आदेश या वाक्याशिवाय गेलेला नाही."

मला त्या वाक्याचं इतकं हसू येत होतं की ते तसंच जावं असं कुठेतरी मला वाटलं असणार. मी इंग्रजी केलं, अगदी चोख, आणि प्रिंट दिली. तीन आठवड्यांनी छापील नकार आला. त्यातल्या एका चौकोनात खूण होती. मुदत संपण्यापूर्वी अर्जदार देश सोडून जाईल याची खात्री पटत नाही.

काकांनी ते दोनदा वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. "मी त्यांच्या खुर्चीत असतो तर हेच लिहिलं असतं." मग जाऊन ती लिफ्टजवळची नोटीस लिहिली. नकाराच्या कागदावर मात्र त्यांनी कसलाच शेरा मारला नाही. तो कागद टेबलावर कोरा पडून होता, आणि काका खिडकीशी बसून होते, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी सकाळी काकू माझ्याकडे आल्या. हातात दोन पासपोर्ट आणि काहीच नाही. फाइल नाही.

"लिही," त्या म्हणाल्या. "तीन ओळी लिही. नवरा-बायको येतो. गुरुवारचं ते बघतो. शनिवारी परत जातो."

"एवढंच?"

"आणि एक लिही. घरी कुंड्यांना पाणी घालायला कुणी नाही."

मी लिहिलं. तिकिटं, हॉटेल, सगळं त्या दुपारी झालं. सहा दिवस, एकच गाव. मी मध्येच विचारलं, "पण काकू, तुम्हाला त्या कोर्टात काय एवढं?"

काकू पासपोर्टवरचा स्वतःचा फोटो बघत होत्या. "ते तळ्याचे दोघं म्हातारे आमच्या जुन्या घरी यायचे गं. साहेबांना भेटायचं म्हणून. ओसरीला दोन पायऱ्या होत्या. वरच्या गावचा वरच्या पायरीवर बसायचा, खालच्या गावचा खालच्या. मी दोघांना चहा द्यायची. एकमेकांशी बोलायचे नाहीत. पण यायचे एकाच बसनं, जायचे एकाच बसनं. एक गेला, त्याच्यामागं वर्षभरात दुसरा गेला. ह्यांना वाटतं आपण कमी पडलो. बोलत नाहीत, पण रात्रीचं उठून बसतात. एकदा बघू द्या बाबा ह्यांना कुणाचं तरी मिटलेलं."

"मग काकांना सांगू या ना आत्ताच."

"ह्यांना यथावकाश कळवण्यात येईल," काकू म्हणाल्या.

अर्जावर काकांची सही हवी होती. काकूंनी कागद पुढे ठेवला. "काय आहे?" काकांनी विचारलं. "सही करा." त्यांनी काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच न वाचलेल्या कागदावर त्यांनी सही केली. पेन खाली ठेवलं आणि मग फक्त एवढंच विचारलं, "गुरुवार धरलाय ना?"

या खेपेला व्हिसा आला.

परत आल्यावर काका आणखी चार महिने माझ्या समोरच राहत होते. रोज भेटायचे, कोरडी हवा चांगली होती म्हणायचे, कॉफीचे कप फार लहान होते म्हणायचे. तरी शेवटचे पाहिलेले काका म्हणून मला जे आठवतात ते त्या फोनवरचे.

इथे दुपारचे साडेतीन वाजत आले होते, म्हणजे तिथे बारा. मी ऑफिसमधून रजा काढली होती, घशाचं कारण सांगून. काकूंचा व्हिडिओ कॉल आला. आधी दगडी जमीन दिसली, मग काकूंची चप्पल, मग आभाळ, आणि मग एक भलंमोठं कोरीव दार. गर्दी होती. काका सगळ्यांत पुढे, कठड्याला धरून, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. सकाळी नऊपासून त्या जागी उभे होते म्हणे. "पाणीबी प्यायले नाहीत," काकू कुजबुजल्या. "जागा जाईल म्हणून."

बाराचे ठोके पडले. काळ्या डगल्यातले आठ जण आले आणि गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. हात राकट, चेहरे उन्हात करपलेले. त्यातला एक जण, मी शपथेवर सांगते, हुबेहूब आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यासारखा दिसत होता. टोपीवाला एक माणूस हातात उंच दांडा घेऊन पुढे आला आणि त्याने पहिल्या कालव्याचं नाव पुकारलं. कुणाची तक्रार आहे का.

काकांनी मान पुढे काढली. कुणी आलं नाही.

दुसरा कालवा. काका टाचा उंचावून गर्दीत बघायला लागले, एखादा शेतकरी मागे अडकला असेल तर त्याला वाट करून द्यावी तसे. तिसरा. चौथा. प्रत्येक नावानंतर टोपीवाला थोडं थांबायचा. पाचव्याला मागे कुणीतरी खोकलं, तेव्हा काका गर्रकन वळले. एक पर्यटक बाई होती. सहावा. सातवा.

"येईल की कुणीतरी," काकू म्हणाल्या. मला की स्वतःला, कळलं नाही.

आठवं नाव पुकारून झालं. टोपीवाला थांबला. आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं, मान हलवली, आणि उठले. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं झाली असतील. काळे डगले एकामागून एक निघाले. गर्दीला टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कळेना, म्हणून चौकात एकदम चिडीचूप झालं. कठडा घट्ट धरून काका त्या रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे बघत होते. त्यांच्या हनुवटीला घाम होता. भाजीवाल्यासारखा दिसणारा तो म्हातारा अगदी त्यांच्यासमोरून चालला होता, हातभर अंतरावरून.

आणि त्या शांततेत, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात, काकांनी त्याला मराठीत विचारलं:

"अहो, मग तुमचे कारकून करतात तरी काय?"